झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: ठाणे-नवी मुंबईत कमी पैशांत ट्रॅक कार बांधताना

स्वस्तातली ट्रॅक कार, म्हणजे रस्त्यावर नाही तर फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची गाडी, म्हटलं की बोलणं इंजिनापासून सुरू होतं आणि बऱ्याच गाड्या तिथेच अडकून गाळ्यात धूळ खात पडतात. खरं तर चालू इंजिन मिळवणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग. पैसा आणि महिने खातात ते त्याच्या आजूबाजूचे भाग: फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरणारे रबरी आधार), एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचे दांडे), वायरिंग, रेडिएटर, ब्रेक. म्हणून बजेट आखताना शंभरातले तीस रुपयेच इंजिन-गिअरबॉक्सला द्या. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनला तीस, रोल केज (गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा सांगाडा), सीट आणि बेल्टला वीस ठेवा. उरलेले वीस रबरी पाइप, क्लॅम्प, नट-बोल्ट, लेथवाल्याची मजुरी असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत कसे गेले ते कळतही नाही.

इथे आपण मारुती झेनमध्ये एस्टीमचं १.३ लिटर इंजिन बसवण्याबद्दल बोलतोय. झेन १९९३ ते २००६ इथे बनली. वजन साधारण साडेसातशे किलो, चाकांमधलं अंतर कमी, आणि वळणावर लगेच नाक फिरवणारी. तिचं स्वतःचं इंजिन ९९३ सीसीचं, सोळा वॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनच्या) आवृत्तीत ६० बीएचपीचं. एस्टीमचं जी१३बीबी १२९८ सीसीचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मिमी, सोळा वॉल्व्ह, ८५ बीएचपी आणि ११० न्यूटन-मीटर टॉर्क. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली आणि दोन्हींचे ब्लॉक अॅल्युमिनियमचे, त्यामुळे गाडीचं नाक फारसं जड होत नाही. जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं इंजिनही याच घराण्यातलं, पण त्याचा स्ट्रोक ९० मिमी. ब्लॉक उंच असल्याने झेनच्या बोनेटखाली ओढाताण होते. ते एस्टीममध्ये जास्त शोभतं. २००५ च्या स्विफ्टमध्येही जी१३बीबीच आहे, पण तिथे मीटर, इमोबिलायझर (मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एकमेकांत जास्त गुंतलेले असतात. पहिल्याच गाडीला ही डोकेदुखी घेऊ नका.

कागदपत्रं आधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन, वर केज, अशी गाडी रस्त्यावर कायदेशीर होईल या आशेवर राहू नका. एमएच-०४ असो की एमएच-४३, नोंदणी रीतसर रद्द करून घ्या आणि गाडी फक्त ट्रॅकची, ट्रॅकवर फ्लॅटबेडवरूनच (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) जाणारी, असं पहिल्या दिवशी ठरवा. या एका निर्णयाने एसी, हीटर, मागची सीट, कार्पेट, डांबराचे पॅड हे सगळं बिनदिक्कत काढता येतं.

फ्लॅटबेडचा खर्चही आत्ताच धरा. इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७१७ किमी) आणि कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे (सुमारे २.१ किमी) हे दोन्ही ठाण्याहून हजार किलोमीटरच्या पलीकडे आहेत. दोन-तीन गाड्यांनी मिळून एक मोठा ट्रेलर केला तर परवडतं.

सुटं इंजिन नको, अख्खी गाडी घ्या

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटं इंजिन मिळेल, पण भंगारवाला वायरिंग कटरने वीतभर अंतरावर कापून देतो आणि मग सहा महिने तुम्ही रंग जुळवत बसता. अपघातात मागून ठोकलेली, पण चालू असलेली एस्टीम पूर्ण विकत घेणं शेवटी स्वस्त पडतं. तिच्यातून इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, सगळी फाउंडेशन, ईसीयू, डॅशपर्यंतचा अखंड हार्नेस (वायरिंगचा जुडगा), फ्यूज बॉक्स, इग्निशन स्विच, ऑक्सिजन सेन्सर, रेडिएटर-फॅन, क्लच केबल आणि गिअर लिंकेज निघतं. आयकॅट्स इमोबिलायझर असेल तर किल्ली, त्याचं मॉड्यूल आणि ईसीयू हे त्रिकूट एकाच गाडीचं हवं, नाहीतर स्टार्टर फिरेल आणि इंजिन पेटणार नाही. उरलेली बॉडी वजनावर विकली की थोडे पैसे परत येतात. ब्लॉकवरचा नंबर घासलेला नाही ना ते बघा, आरसी बुकाशी जुळवा, विक्रीपत्र घ्या.

इंजिन त्या गाडीतच चालू करून तपासा. गरम झाल्यावर चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी भरलेली असू द्या आणि कम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस असेल तर पुढचं इंजिन बघा. इंजिन बाहेर आल्यावर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचा-मागचा क्रँक ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग न विचारता बदलायचं. गाडीत बसल्यावर तेच काम चौपट वेळ घेतं.

झेन निवडताना एमपीएफआयच घ्या. कार्ब्युरेटरच्या झेनमध्ये पेट्रोलचा पंप यांत्रिक आणि अगदी कमी दाबाचा असतो. इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो, म्हणजे टाकी, पंप, पाइप, रिटर्न लाइन सगळं नव्याने करावं लागतं. इंजिन बंद पडलेली, पण पत्रा शाबूत असलेली झेन शोधा. आपल्याकडची खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. स्ट्रट टॉवरचा (पुढचं सस्पेन्शन वर जिथे बसतं त्या पत्र्याचा) वरचा कप, दारांखालचे सिल, मागच्या सस्पेन्शनचे माउंट आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर डेंटरने वर पुट्टी मारलेली आहे असं समजा. दारं कुजली तर चालतात, स्ट्रट टॉवर कुजलेला चालत नाही.

गाळा आणि वेळापत्रक

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी नोटीस लावतील आणि वेल्डिंगच्या ठिणग्या पाहता त्यांचंच बरोबर असेल. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात कुणाच्या गाळ्याचा कोपरा भाड्याने घ्या. शेजारी लेथ आणि वेल्डर असणं हा खरा फायदा. उघड्या पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम मे अखेर संपवून प्रायमर मारा. पावसाळी हवेत घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. जून ते सप्टेंबर हार्नेस आणि इंजिनाचं बैठं काम करा, आणि वायरिंग उंदरांपासून सांभाळा.

इंजिन जागेवर बसवणं

आधी ऑइल, इनटेक, अल्टरनेटर काढलेलं हलकं इंजिन गिअरबॉक्ससकट चेन ब्लॉकवर टांगून झेनमध्ये उतरवा. गिअरबॉक्स एस्टीमचाच ठेवा. क्लच आणि फ्लायव्हील जुळवत बसायची कटकट वाचते. जागा ठरवताना बोनेटकडे पाहून ठरवू नका, एक्सलपासून ठरवा. गाडी चालताना ज्या उंचीवर असेल त्या उंचीला चाकं टेकवून ठेवा आणि गिअरबॉक्समधून एक्सल निघतो त्याचं केंद्र चाकाच्या केंद्राच्या जितकं रेषेत आणता येईल तितकं आणा. एक्सलचा कोन पाच-सहा अंशांच्या आत राहिला तर जॉइंट टिकतात. इंजिन दोन इंच पुढे सरकवलं की रेडिएटरची जागा जाते, मागे ढकललं की स्टिअरिंग रॅक लागतो, खाली घेतलं की ऑइल चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) जमिनीला. या ओढाताणीत जिंकायला हवा तो एक्सल.

जागा पक्की झाली की सगळीकडून किमान १५ ते २० मिमी मोकळी जागा आहे का ते लाकडी ठोकळे घालून बघा. इंजिन रबरावर डुलतं; अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की पुढे-मागे झुकतं. अल्टरनेटरची पुली, चेंबरचा कोपरा आणि हेडर पाइप (इंजिनातून धूर बाहेर नेणारे) याच तीन जागा पुढे आवाज करतात. आता इनटेक, अल्टरनेटर, हेडर परत लावून तपासा आणि मगच ब्रॅकेट बनवा.

ब्रॅकेटला ५ किंवा ६ मिमी जाडीची प्लेट, तिला ४ मिमीच्या तिरक्या पट्ट्या. झेनच्या चेसिस रेलचा पत्रा पातळ असतो. त्यावर जाड प्लेट थेट वेल्ड केली तर वेल्ड टिकतं आणि शेजारचा पत्रा फाटतो. आधी रेलवर ३ मिमीची हातभर पसरट प्लेट सगळ्या कडांनी वेल्ड करा, ब्रॅकेट तिच्यावर. जागेवर फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, बाहेर काढून पूर्ण वेल्ड करा. जागेवरच पूर्ण वेल्ड केलं तर उष्णतेने ब्रॅकेट ओढला जातो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचा प्लग काढा. फाउंडेशन रबराचंच ठेवा. लोखंडी घट्ट माउंटने कंप थेट पत्र्यात जातो आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला तडे दिसतात.

एक्सल

इथे घाई करणारा रडतो. गिअरबॉक्सकडचा जॉइंट एस्टीमचा, चाकाकडचा झेनचा, आणि मधला दांडा कुणाचाच लांबीला बरोबर नाही. दोन वाटा आहेत. पहिली: एस्टीमचे नकल (चाकाचा हब धरणारा, स्टिअरिंगसोबत वळणारा भाग), हब आणि ब्रेक झेनच्या स्ट्रटला बसतात का बघा. स्ट्रटच्या दोन बोल्टमधलं अंतर, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉडचा टेपर, हे तीन मोजल्याशिवाय काही खरेदी करू नका. दुसरी: मधला दांडा नवा करून घ्या. ईएन२४ स्टीलचा, दोन्ही टोकांना नमुन्याप्रमाणे स्प्लाइन (जॉइंटमध्ये अडकणारे दात) कापलेला, नंतर हार्डनिंग-टेम्परिंग केलेला. वागळे किंवा रबाळ्यात स्प्लाइन कापणारे मिळतात. जुना दांडा कापून मध्ये तुकडा घालून वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. वेल्डशेजारचा भाग ठिसूळ होतो, दांडा पूर्ण गॅसवर तुटतो आणि फिरणारं टोक ब्रेकचा पाइप तोडतं.

लांबी अशी काढा. स्ट्रटमधली स्प्रिंग काढून ठेवा, चाक जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या, आणि प्रत्येक जागी आतल्या जॉइंटचा दांडा किती आत-बाहेर सरकतो त्याच्या खुणा करा. चाक जिथे सर्वात आत येतं तिथेही दांडा तळाला टेकायच्या आधी ८ ते १० मिमी शिल्लक हवेत. टेकला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. उलट टोकाला जॉइंट निसटला तर सगळं ग्रीस गाळ्यात पसरतं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा.

वायरिंग

हार्नेस एस्टीममधून काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरला कापडी टेप लावून मराठीत नाव लिहा: "पाणी तापमान", "थ्रॉटल", "इंजेक्टर २". झेनचं बॉडी वायरिंग तसंच ठेवून फक्त इंजिनाचं वायरिंग बदला. दोघांना जोडणाऱ्या तारा मोजक्याच: कायमचा पॉझिटिव्ह, इग्निशनचा पॉझिटिव्ह, स्टार्टर, पेट्रोल पंप, फॅन, टॅको (इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा), चेक इंजिन दिवा. पंप आणि फॅनला वेगळे रिले, पंपाला १५ अँपिअरचा फ्यूज. इंजिन विचित्र वागलं तर आधी अर्थिंग तपासा. बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन अशा दोन जाड पट्ट्या रंग खरवडून उघड्या धातूवर आवळा. निम्म्या "ईसीयू गेला" तक्रारी इथेच मिटतात.

बॅटरीचा किल स्विच (गाडीची वीज एकदम तोडणारा) लावताना फक्त बॅटरी तोडू नका. अल्टरनेटर इंजिनाला वीज देत राहतो आणि गाडी बंद होत नाही. इग्निशनही सोबत तोडणारा, रेझिस्टर असलेला सहा टोकांचा स्विच घ्या.

पाणी, ऑइल, पेट्रोल

ट्रॅकवर इंजिन वीस मिनिटं सलग पूर्ण ताकदीने चालतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधली गरमी आणि ही गरमी वेगळी. रेडिएटर झेनच्या तोंडात मावेल तेवढा मोठा घ्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या चारही बाजूंच्या फटी अॅल्युमिनियमचा पत्रा आणि फोमने बंद करा. हवा सोपी वाट शोधते; फट दिसली की ती रेडिएटरमधून जातच नाही. फॅनभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं आवरण) हवाच. आणि मिस्त्री हमखास देतात तो "थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला ऐकू नका. त्याशिवाय इंजिन तापमानाला येत नाही, ईसीयू ते थंडच आहे समजून जास्त पेट्रोल टाकत राहतो आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. थर्मोस्टॅट नवा घ्या, त्याच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडून ते वरच्या बाजूला ठेवा, अडकलेली हवा तिथून निघते.

लांब वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि दोन सेकंदांत बेअरिंग घासतं. चेंबरमध्ये दीड मिमी पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घ्या, जाळीभोवती जागा ठेवून, आणि झडणारा प्रत्येक कण धुवून काढा. ऑइल वरच्या खुणेपेक्षा तीनशे-चारशे मिली जास्त भरा. ऑइल प्रेशरचा काटा आणि सोबत मोठा लाल दिवा, कारण वळणावर काट्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप इंजेक्शनच्या दाबाचा आणि नवीन. टाकी निम्म्याच्या खाली गेल्यावर वळणात इंजिन अडखळलं तर पंपाला हवा लागतेय. दीड-दोन लिटरची सर्ज टाकी (वळणातही पेट्रोल तुटू न देणारी मधली छोटी टाकी) हा त्यावरचा पक्का इलाज. तोवर टाकी भरलेली ठेवा.

सायलेन्सरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ४-२-१ हेडर (चार पाइप दोनात, दोन एकात), पुढे दोन इंची पाइप, ऑक्सिजन सेन्सर कलेक्टरच्या (पाइप एकत्र येतात त्या जागेच्या) जवळ. हेडर ब्रेकच्या पाइपपासून लांब ठेवा.

ब्रेक, टायर, केज

पंचवीस बीएचपी वाढवून ब्रेक तेच ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. पुढे एस्टीमच्या डिस्क-कॅलिपर बसल्या तर उत्तम, नाहीतर झेनच्याच नव्या डिस्कना ट्रॅकचे पॅड. ब्रेक ऑइल डॉट ४ चं ताजं: कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५°. आपल्या दमट हवेत उघडी बाटली आठवडाभर ठेवली की ती टाकूनच द्यायची. बंपरमधून डिस्कच्या मधोमध हवा नेणारा ६३ मिमीचा पाइप बसवा. मागचे ड्रम नीट अॅडजस्ट नसतील तर पेडल स्पंजासारखं लागतं आणि लोक उगाच पुढची एअर काढत बसतात. गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. चाक हवेत गेलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून सरकते. २५ ते ३० मिमी बुटकी आणि कडक स्प्रिंग, तिला साजेसा डॅम्पर. पुढे कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे दोन अंश, टो (वरून दिसणारा चाकांचा आत-बाहेर कोन) शून्य. टायरमध्ये थंड असताना २८-३० पीएसआय, गरम झाल्यावर ३४-३६ च्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या गाडीचे अलॉय घेताना पीसीडी (नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) बघा: झेनचा ४×११४.३, स्विफ्टचा ४×१००.

केजसाठी कळंबोलीच्या पोलाद बाजारातून कोल्ड-ड्रॉन सीमलेस पाइप घ्या. एफआयएच्या (मोटर स्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत मुख्य कमान ४५×२.५ किंवा ५०×२ मिमी, बाकीचे पाइप ३८×२.५ किंवा ४०×२ मिमी. दुकानदार ईआरडब्ल्यू (पत्रा गोल करून कडा वेल्ड केलेला) पाइप पुढे करेल. टॉर्च धरून आत बघा, लांबीभर उभी शिवण दिसली किंवा बोटाला लागली तर तो नको. वाकवताना तिथेच उकलतो. वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, आणि वाकावर सुरकुती दिसली तर तो पाइप बाद. प्रत्येक पायाखाली बॉडीला वेल्ड केलेली किमान ३ मिमी जाड, १२० चौ. सेमीची प्लेट आणि एम८, ८.८ ग्रेडचे किमान तीन बोल्ट. हेल्मेट लागू शकेल तिथे पॅडिंग. सीट आणि बेल्टवर एफआयएचं लेबल आणि त्यावरची मुदत तपासा.

पहिला स्टार्ट

प्लग काढून, पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग फ्यूज लावून फक्त इग्निशन चालू करा आणि पेट्रोलच्या प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून ओल बघा. अग्निशामक हाताशी, बॅटरीपाशी एक माणूस उभा. सुरू झाल्यावर फॅन स्वतः चालू होऊन स्वतः बंद होईपर्यंत रेस न देता चालू ठेवा, थंड करा, पाणी पुन्हा भरा, सगळे फाउंडेशनचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. हे तीनदा.

चाचणी गाळ्याच्या आवारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, बस. रात्री बारा वाजता रिकामा दिसला तरी पाम बीच रोड ट्रॅक नाही. खरी चाचणी सर्किटच्या प्रॅक्टिस सेशनलाच: पहिल्या तीन फेऱ्या निम्म्या वेगात, मग पिटमध्ये येऊन चाकांचे नट, एक्सलचे बूट, ऑइलची पातळी आणि फाउंडेशनभोवतीचा रंग बघायचा. रंगाला केसासारखी रेघ दिसली तर तिथला पत्रा फाटायला लागलाय. गाडी फ्लॅटबेडवर चढवा. सगळं ठीक असेल तर दिवसाअखेरीस ऑइल काढा आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. चकचकीत कण दिसले तर पुढच्या ट्रॅक डेची नोंदणी करू नका, आधी चेंबर उघडा.